पुढारी आलाच नाही

भाताची झोडणी सुरू झाली की आमच्या घरात दिवसभर तीन-चार आवाज एकदम चालू असायचे. समोरच्या खळ्यात गडी भाताचे भारे फळीवर आपटत. मागच्या पडवीत आई आणि आत्या आळीपाळीनं मुसळ चालवत, गोठ्यात नव्या पेंढ्यावरून बैलांची भांडणं लागत आणि या सगळ्यातून माझा धाकटा भाऊ रडत उठायचा. सगळ्या घरभर तूस उडायचं. केसांत, पाण्याच्या हंड्यात, झोपायच्या गोधडीतसुद्धा. पण त्या दिवसांसारखं खाणं वर्षात पुन्हा नसे. नव्या तांदळाची भाकर चुलीवरून काढली की तिच्या पापुद्र्याखाली वाफ कोंडलेली असायची. आत्या ती बोटानं फोडून आत वालाचं बिरडं भरून माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "खा गो, यंदा हाय तवर खा." पुढच्या पावसाळ्यात याच घरात नाचणीच्या पेजेवर दिवस निघत, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी ती भाकर अगदी सावकाश खायची.

शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या वाटेवर आमचं गाव. मागं डोंगर, पुढं नदी आणि डोंगराच्या पायथ्याला ठाकरवाडी. माझे वडील गावचे पाटील होते. पाटील म्हटलं की लोकांना आता भरघोस मिशा आणि माजघरातली तिजोरी आठवते. आमच्याकडे मिशा होत्या, तिजोरी नव्हती. बाबा इतरांसारखेच चिखलात उतरायचे, भात लावायचे. फरक एवढाच, की मुरबाडहून हुकूम आला की तो गावाला सांगायचं काम त्यांच्या गळ्यात असायचं. आणि हिवाळ्यात, नेमकं झोडणीच्या दिवसांत, एक हुकूम ठरलेला असायचा. साहेब फिरतीवर येणार, नदीकाठच्या आमराईत तंबू पडणार, वेठीला माणसं काढा.

वेठ हा शब्द आता माझ्या नातवंडांना कळत नाही, म्हणून सांगते. वेठ म्हणजे बिनमजुरीचं सक्तीचं काम. साहेबाच्या घोड्यांना गवत द्यायचं, चुलीला लाकडं द्यायची, कोंबड्या, अंडी, दूध द्यायचं, मुक्काम हलला की पेट्या आणि तंबूचे गठ्ठे डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत पोचवायचे. गावातल्या पोरींच्या वाट्याला पाणी यायचं. मीही दोन हिवाळे नदीवरून आमराईत हंडे वाहिले होते. नाही म्हणता येतं, हे कुणाच्या मनातच नव्हतं. पाऊस पडतो, थंडी पडते, तशी वेठ पडते. बाबा ठाकरवाडीत जाऊन एकेकाचं नाव घेऊन हाक मारायचे आणि परत आले की पानावर बसून भात चिवडत राहायचे. आई विचारायची, "काय झालं?" ते म्हणायचे, "कायी नाय. हाक मारून घसा बसला."

आत्या बाबांची धाकटी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती कायमची. घरातली सगळी जड कामं तिच्या अंगावर होती आणि घरातले सगळे जड शब्दही तिच्याच तोंडात. बाबा सबंध गावाला अरे-तुरे करत, पण आत्यानं "दादा" अशी हाक मारली, की हातातलं काम ठेवून तिच्याकडे बघत.

त्या वर्षी आमच्या भागात एक नवी बातमी फिरत होती. कल्याणचे एक पुढारी गावोगाव सभा घेत होते आणि वेठ द्यायची नाही असं सांगत होते. आईचं माहेर सापगावचं. तिथं त्यांची सभा झाली होती आणि मामानं ती ऐकली होती. मामा एका बाजाराच्या दिवशी येऊन सांगून गेला, की पुढारी आता आमच्या गावाला यायचं म्हणतात, आसनगावला गाडीनं उतरून चालत येतील. गावात जी काय धांदल उडाली! पुढारी म्हणजे कसा असतो, हे आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. देवळासमोरचं पटांगण सारवलं गेलं. घराघरातून भाकऱ्या करायचं ठरलं. बाबा त्यातल्या कशात नव्हते. सरकारचा पाटील असल्या सभेत बसला असता तर पाटीलकी गेली असती. पण सभेच्या दिवशी सकाळीच ते देवळाजवळच्या आमच्या दुसऱ्या खळ्यात बांबूच्या पट्ट्या घेऊन टोपली विणायला बसले. घरी टोपल्यांचा ढीग होता.

लोक सकाळपासून जमले. ठाकरवाडीची माणसं आली आणि रीतीप्रमाणे एका कडेला, जरा लांब बसली. आमच्या बायका दुसऱ्या कडेला. ऊन चढलं. पोरं वाटेकडे धावत जाऊन बघून येत होती. कुणी म्हणे गाडी चुकली असेल, कुणी म्हणे नदीला उतार सापडला नसेल. ऊन कलायला लागलं तेव्हा एकटा मामा येताना दिसला. धुळीनं माखलेला, घशाला कोरड पडलेली. पाणी पिऊन तो म्हणाला, "नाय येत. आसनगावला उतरले तवाच पोलिसांनी धरलं. नेलं त्यांना."

मग एकेक जण उठून मागची माती झटकायला लागला. जत्रेत पालखी न येताच माणसं घरी निघावीत तसं ते दिसत होतं. मला रडू आलं होतं हे मला स्वच्छ आठवतं, कारण पुढारी बघायला म्हणून मी नवं परकर-पोलकं घातलं होतं. तेवढ्यात आत्या उभी राहिली.

"कुठं चालली सगळी? बसा खाली. एवढ्या भाकऱ्या केल्यात, त्या काय परत पिठात घालू?"

लोक हसले आणि बसले. आत्यानं टोपल्या उघडल्या. पाहुण्याच्या नावानं केलेलं जेवण, त्यात हात आखडता नव्हता. तांदळाच्या भाकऱ्या, बिरडं, सुकटीची चटणी, उकडलेली कोनफळं. वाढताना आत्या ठाकरवाडीच्या कडेपर्यंत गेली आणि तिथंच थांबून म्हणाली, "हितवर येऊन येऊन माजं पाय दुकतील. पुढं सरका की रे." ती माणसं एकमेकांकडे बघत थोडी सरकली. मग आणखी थोडी. जेवण निम्म्यावर आलं तेव्हा दोन कडा उरल्या नव्हत्या.

माझ्या शेजारी ठाकरवाडीची बुधी येऊन बसली होती. तिशीची बाई, कायम खाली मान घालून चालणारी. तिच्या हातातली भाकर तशीच होती. आत्यानं विचारलं, "जेवत का नाय गो?"

बुधी म्हणाली, "गेल्या सालची आठवन झाली." आणि मग, कुणी विचारलं नसताना, ती बोलायला लागली. गेल्या वर्षी तिचं भात कापून शेतात पसरलेलं होतं. त्याच सकाळी वेठीची हाक आली. नवरा पेट्या घेऊन गेला, ती घोड्यांचं गवत कापायला गेली. दुपारी अवकाळी पाऊस आला. "मी पट्टेवाल्याच्या पाया पडली. म्हनलं, जाऊ दे, भारे झाकून परत येते. नाय सोडलं. माजा सगळा भात भिजला, कोंब आलं त्याला. साहेबाचा घोडा मातर उपाशी नाय राह्यला."

हे ती रागानं बोलली नाही. रागानं बोलली असती तर लोकांनी कदाचित ऐकून सोडून दिलं असतं. खळ्यातला बांबू सोलण्याचा आवाज बंद झाला होता. तिला वेठीची हाक मारणारा माणूस तिथं बसला होता, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

मग एकेक जण बोलू लागला. कुणाची कोंबडी, कुणाचं दूध, कुणाला आजारी पोर टाकून जावं लागलेलं. एक म्हातारा म्हणाला, "पुढारी आला असता तर त्यानं काय सांगितलं असतं?" मामा म्हणाला, "हेच. काम करा, पन मजुरी घेऊन. फुकट हात लावायचा नाय. फुकट राबवायचा हुकूम कुठल्या कायद्यात नाय, असं ते म्हनतात."

"मंग तो नाय आला तर नाय आला," आत्या म्हणाली. "हात आपले हायेत. ते लावायचे का नाय, हे सांगायला कल्यानवरनं मानूस कशाला पायजे?"

सगळ्यांनी देवळाच्या पायरीला हात लावून कबूल केलं. मीही लावला. मी मोठ्यांतली की लहानांतली हे तोवर माझं मलाच ठरत नव्हतं, पण मला कुणी अडवलं नाही. शेवटी आत्या खळ्याकडे तोंड करून म्हणाली, "दादा, ऐकलंस ना?"

बाबांनी मान वर केली नाही. "मी कायी ऐकलं नाय," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "पन ठरवलंय तर मोडू नका."

घरी आल्यावर आईनं आत्याला जे धारेवर धरलं ते मी जन्मात विसरणार नाही. "पाटीलकी गेली तर खायाचं काय? तुमाला काय, एकटा जीव! माजी तीन पोरं हायेत." दोघी त्या दिवशी एका चुलीशी पाठीला पाठ लावून बसल्या. आईचं भय खोटं नव्हतं. आज या वयात मला वाटतं, त्या गोष्टीत आत्याइतकीच आईही मोठी होती, कारण आत्याला भीती वाटतच नव्हती आणि आईला वाटत होती.

थोड्याच दिवसांत आमराईत तंबू पडले. मी सकाळी नदीवर घरचं पाणी भरायला गेले होते. बरोबर कुणी नव्हतं, धुकं होतं. हंडा भरून वर आले तर वाटेवर पट्टेवाला उभा. त्याचा पितळी बिल्ला तेवढा धुक्यात चमकत होता.

"हा हंडा तंबूवर ने. आणि बाकीच्या पोरींना बोलाव."

गावानं ठरवलं होतं खरं, पण ठरवताना सगळे होते आणि आता मी एकटी होते. मी म्हणाले, "नाय."

आजवर मी कुणाही मोठ्या माणसाला हा शब्द बोलले नव्हते. तो चिडला नाही, चकितच झाला. "काय म्हणालीस?"

"फुकट पानी नाय देनार. आमचं ठरलंय."

"कुणाचं ठरलंय?"

"आमचं."

"आमचं म्हणजे कुणाचं? कुठला पुढारी येऊन शिकवून गेला तुम्हांला?"

मी म्हणाले, "पुढारी आलाच नाय."

ते मी हुशारीनं बोलले नव्हते. जे झालं होतं तेच सांगितलं होतं. पण तो माझ्याकडे बघतच राहिला. मी हंडा घेऊन घरी आले. पाणी हिंदकळून माझं अर्धं अंग भिजलं होतं आणि थंडीनं की भीतीनं, दात वाजत होते. आईनं मला चुलीशी बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि माझे केस पुसत राहिली. तोच पट्टेवाला जरा वेळानं आमच्या दारात आला. पाटलाच्या घरून दूध आणि कोंबड्या, नेहमीप्रमाणे. मला वाटलं आता आई देणार. आई उंबऱ्यात उभी राहिली, पदर नीट केला आणि म्हणाली, "दूध हाय. भाव काय देनार?"

आतून आत्याचं मुसळ मधेच थांबल्याचं मला ऐकू आलं.

मुक्काम हलायच्या दिवशी आमराईत पेट्या आणि गठ्ठे बांधून तयार होते, आणि उचलायला माणूस नव्हता. साहेबांच्या कारकुनानं बाबांना बोलावून घेतलं. बाबांनी आपलं काम चोख केलं. घरोघर गेले, ठाकरवाडीत गेले, नेहमीसारखी प्रत्येकाच्या नावानं हाक मारली. प्रत्येक घरातून एकच उत्तर आलं, "मजुरी असंल तर येतो, पाटील." ते परत आमराईत आले आणि जे ऐकलं ते तसंच सांगितलं. निम्मं गाव बांधावर उभं राहून बघत होतं. मीही होते.

कारकून ओरडत होता, पाटीलकी काढून घेईन म्हणत होता. साहेब नवा होता, तरुण, आपल्याच लोकांतला. तो खुर्चीवर बसून बराच वेळ बाबांकडे बघत होता. मग शांतपणे म्हणाला, "पाटील, यांचा म्होरक्या कोण आहे? नाव सांगा, तुम्हांला काही होणार नाही."

बाबा म्हणाले, "साहेब, एकाचं नाव सांगायला एक पायजे. सगळ्या गावाची नावं सांगतो, लिहून घ्या."

उन्हं डोक्यावर आली. पेट्या तिथंच. घोडे पाय आपटत होते. कारकून एकदा गठ्ठ्यांकडे बघे, एकदा आमच्याकडे. आम्हाला काही करायचंच नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं, पण तेवढंसुद्धा किती जड असतं ते त्या दिवशी कळलं. शेवटी साहेब उठला आणि म्हणाला, "मजुरी द्या." कारकुनाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. साहेबानं पुन्हा सांगितलं. तरी कुणी पुढे होईना. खरं वाटेना. मग बुधीचा नवरा गेला. त्याच्या तळहातावर पैसे पडले. ते त्यानं मूठ मिटून धरले, मूठ उघडून पाहिले आणि मग वाकून पेटी उचलली. बांधावर कुणी जयजयकार केला नाही. बायकांच्या डोळ्यांना मात्र पदर लागले होते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आईनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखली.

पाटीलकी गेलीच. म्होरक्याचं नाव न सांगितल्याचा राग कुणीतरी धरला, आणि ती बाबांच्या चुलतभावाकडे गेली. वर्षभर दोन घरांचं बोलणं नव्हतं. पण बाबांचा घसा पुन्हा कधी बसला नाही. थंडीच्या दिवसांत ते पानावरचं सगळं जेवायचे आणि वर भाकर मागायचे. नव्या पाटलानंही वेठीची हाक कधी मारली नाही, कारण मारून उपयोग नव्हता. आजूबाजूच्या गावांनी ही गोष्ट ऐकली, कुणी अशीच केली, कुणाला मार खावा लागला, काही जण तुरुंगात गेले. सगळीकडे आमच्यासारखं सहज निभावलं नाही, हे सांगायला हवं. आमच्या वाट्याला एक बऱ्या मनाचा साहेब आला. तोही या गोष्टीतला एक माणूस होता आणि त्याचेही उपकार मी मानते.

आता मतदानाचे दिवस आले की माझे नातू ओटीवर बसून वाद घालतात. एक म्हणतो, वरचे बदलले की सगळं बदलतं. दुसरा म्हणतो, आधी लोक बदलले पाहिजेत. मला मधे ओढतात, "आजी, तू सांग." मी हसते. मला एवढंच सांगता येतं की आमच्याकडे काय झालं. पुढची गोष्ट ऐकली नाही तर तेही अर्धवटच राहील, कारण पुढारी नंतर आले.

ते सुटून आले ते दुसऱ्या वर्षी, भात घरात आल्यावर. वाळलेले, दाढी वाढलेली, पायात साध्या वहाणा. माझ्या मनातला पुढारी पुष्कळ उंच होता. ते आमच्या पडवीत जेवायला बसले. आत्या वाढत होती, बुधी मुद्दाम ठाकरवाडीतून आली होती आणि दाराशी बसली होती. त्यांनी तुरुंगात सगळं ऐकलं होतं. ते म्हणाले, "मला फक्त सांगा, सुरुवात कुणी केली?"

आत्या म्हणाली, "हिनं. बुधीनं." बुधी म्हणाली, "मी कुठली? मी तर निघालीच होती. आत्याबायनं बसवलं." आत्यानं आईकडे बोट दाखवलं, दुधाचा भाव हिनं विचारला म्हणून. आईनं मला पुढे ढकललं. मी बाबांचं नाव घेतलं. बाबा म्हणाले, "मी तर टोपली विनत होतो."

पुढारी मोठ्यानं हसले. मग हसणं ओसरलं आणि ते पानाकडे बघत म्हणाले, "म्हणजे माझं यात काहीच नाही. मी आलोसुद्धा नाही." ते तक्रारीनं बोलले नव्हते. पण आतून कुठंतरी लागलं असावं. त्यांनी तुरुंगात काय काय सोसलं होतं, ते आम्हाला कुठं माहीत होतं?

आत्या त्यांच्या पानात भाकर घालायला वाकली होती, ती तशीच थांबली. "असं कसं म्हनता, दादा? तुमी येनार म्हनून तर आमी जमलो. नायतर ही सगळी मानसं एका जागी कवा बसली होती? तुमी आला नाय म्हनून आमी बोललो, हे खरं. पन जमलो तुमच्याच नावानं."

त्यांनी भाकर मोडली आणि जेवू लागले.

संध्याकाळी देवळासमोर सभा होती. सगळं गाव आलं, ठाकरवाडी आली. पुढारी उभे राहिले आणि म्हणाले की आज मी सांगायला आलेलो नाही, ऐकायला आलोय. आणि सगळ्यांसमोर सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसले. कुणी सुरुवात करेना. शेवटी बायकांनी बुधीला उठवलं. ती उभी राहिली, पदर सारखा केला, मान खालीच होती, मग हळूहळू वर आली. ती बोलायला लागली तेव्हा गर्दीच्या मागून कुणीतरी वाट काढत पुढे येताना दिसलं. बाबा होते. हातात टोपली नव्हती, काही नव्हतं. ते सगळ्यांच्या देखत पुढे आले, पुढाऱ्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि बुधीकडे तोंड करून ऐकू लागले.